दखलपात्र

बडोद्यात कुणी माहेर विचारलं आणि मी ‘नेवासा तालुका’ म्हटलं, तर समोरच्याला काही बोध होत नाही. ‘शनिशिंगणापूरचा तालुका’ म्हटलं की लगेच ओळख पटते. गुजरातेतून शिर्डी आणि शिंगणापूर अशा जोडयात्रेच्या गाड्या वर्षभर सुटतात. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या घरांनी तरी तो चौथरा पाहिलेला आहे. मग पुढचे प्रश्न ठरलेले. तिथं घरांना दारंच नाहीत ना? चोरी होतच नाही ना? किती शांत, किती सुरक्षित! मी मान हलवते. ती होकारार्थी की नकारार्थी, ते समोरच्यावर सोडते.

दारं नाहीत हे खरंच आहे. चौकट असते, तिला पडदा असतो, रात्री कुत्रं-मांजर शिरू नये म्हणून कुणी आडवी फळी टेकवून ठेवतं. इथं चोरी करणाऱ्याचे डोळे जातात, त्याला शीव ओलांडता येत नाही, अशी श्रद्धा आहे. जानेवारी २०११ मध्ये युको बँकेनं तिथं कुलपाशिवायची शाखा उघडली, तेव्हा देशातली अशी पहिलीच बँक म्हणून तिचे फोटो सगळीकडे छापून आले. त्याच्या थोडं आधी, २०१० मध्ये, बाहेरून आलेल्या एका भाविकानं गाडीतून पैसे आणि ऐवज गेल्याची तक्रार केली होती; तिची बातमी छोटी होती. २०१५ मध्ये गावाला स्वतःचं पोलीस ठाणं मिळालं. २०१६ च्या गुढीपाडव्याला, आंदोलन आणि उच्च न्यायालयाचा आदेश यांच्यानंतर, बायका पहिल्यांदा राजरोस चौथऱ्यावर चढल्या. आणि २०२५ मध्ये देवस्थानाच्या नावानं बनावट अ‍ॅप काढून ऑनलाइन पूजेचे पैसे उकळल्याचं प्रकरण गाजलं. दार असो वा नसो, त्या चोरीला काही फरक पडत नव्हता.

पण मान हलवताना माझ्या मनात शिंगणापूर नसतं, सोनई असते. शिर्डीहून राहुरीमार्गे येणाऱ्या गाड्या सोनईवरूनच पुढे शिंगणापूरला जातात. मधलं अंतर काही किलोमीटरचं. १ जानेवारी २०१३ रोजी या सोनईजवळच्या एका वस्तीवर मेहतर समाजातल्या तीन तरुणांचा खून झाला. नेवासा फाट्यावरच्या एका शिक्षणसंस्थेत ते सफाईचं काम करायचे. त्यांच्यातल्या एकाचं एका सवर्ण मुलीवर प्रेम होतं. शौचालयाची टाकी साफ करायचं काम आहे, असं सांगून तिघांना वस्तीवर बोलावण्यात आलं. टाकीत जो मृतदेह मिळाला त्याबद्दल आधी सांगितलं गेलं ते इतकंच, की तो टाकीत पडून बुडाला. बाकीच्या दोघांचे तुकडे कोरड्या विहिरीत मिळाले तेव्हा ते सांगणं टिकलं नाही. खटला जिल्ह्याबाहेर, नाशिकला चालवावा लागला आणि जानेवारी २०१८ मध्ये तिथल्या सत्र न्यायालयानं सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली.

यात्रेच्या गाडीतल्या गाइडनं हे सांगावं अशी माझी अपेक्षा नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच तालुक्यातल्या आहेत, एकाच उसाच्या पट्ट्यातल्या आहेत, आणि त्यांच्यापैकी एकीचीच ख्याती झाली.

मी पोटासाठी कागदांची भाषांतरं करते. साहित्याची भाषांतरं हौसेवर आणि बरेचदा तोट्यावर चालतात. घराचं भाडं निघतं ते फिर्यादी, जबाब, पंचनामे आणि निकालपत्रं मराठीतून हिंदीत नाहीतर गुजरातीत नेण्यातून. जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करताना आम्ही शोकांतिका आणि महाकाव्यं शेजारी ठेवून वाचायचो. एकच कल्पना तीन भाषांत किती वेगळं तोंड करून बसते, याचे सगळ्यात चांगले धडे मात्र मला पुढे पोलीस ठाण्याच्या कागदांत मिळाले.

एक शब्द घ्या. ज्या गुन्ह्यात पोलीस न्यायाधीशाच्या हुकमाची वाट न पाहता तपास सुरू करू शकतात आणि वॉरंटाशिवाय अटक करू शकतात, त्याला मराठीत दखलपात्र गुन्हा म्हणतात. बाकीचे अदखलपात्र. हिंदीत तोच संज्ञेय आणि असंज्ञेय होतो. आणि गुजरातीत तो होतो ‘पोलीस अधिकारनो गुनो’. कायदा एकच, कलमं तीच. पण गुजराती शब्द फक्त अधिकार कुणाचा ते सांगतो, कोरडेपणानं. हिंदी शब्द ज्ञानाबद्दल बोलतो: जाणता येण्याजोगं काय आणि काय नाही. मराठी शब्द मात्र लायकी ठरवतो. दखल घ्यायला पात्र कोण, अपात्र कोण. मराठीतून गुजरातीत जाताना हा तिखटपणा सांडून जातो आणि मला त्याची चुटपुट लागते. कारण आमच्याकडच्या ठाण्यात बाई जेव्हा सुजलेला गाल घेऊन उभी राहते, तेव्हा तिला जे कळतं ते मराठी शब्दानंच नेमकं सांगितलेलं असतं.

जुन्या दंडसंहितेतली ३२३, ५०४ आणि ५०६ ही कलमं एका दमात म्हणायची सवय मला या कामातून लागली. साधी दुखापत, शिवीगाळ, धमकी. तिन्ही बहुतेक अदखलपात्र. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, आकडे बदलून ११५, ३५२ आणि ३५१ झाले, तिघांची जोडी तशीच राहिली. गावाकडच्या भाषेत याला ‘नुसती एनसी घेतली’ म्हणतात. एनसी म्हणजे ठाण्याच्या वहीत नोंद होते, तिची एक प्रत तक्रारदाराच्या हातात पडते, आणि तपास कोर्टाच्या हुकमाशिवाय होत नाही. नवऱ्यानं केलेल्या छळासाठी वेगळं, दखलपात्र कलम आहे. पण कितीतरी मारहाणी त्या कलमापर्यंत पोचतच नाहीत, ३२३ मध्ये बसवून दिल्या जातात. मी जे जबाब भाषांतरित केले त्यांत ‘यापूर्वी दोन वेळा एनसी दिलेली आहे’ हे वाक्य इतक्यांदा आलं आहे की ते गुजरातीत टाइप करताना आता बोटं आपोआप चालतात. पुढचं वाक्य बहुतेकदा रुग्णालयाचं असतं.

माझ्या भावाचं मत असं, की मी असले कागद वाचून वाचून गावाबद्दल कलुषित झाले आहे. तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पुण्यात एका विमा कंपनीत. आकड्यांवर त्याचा विश्वास. दोन वर्षांपूर्वी आईनं, बाबा गेल्यानंतर बडोदा-पुणे अशा फेऱ्या करून कंटाळल्यावर, आता वस्तीवरच राहायला जाते असं जाहीर केलं, तेव्हा आमच्या दोघांच्या बाजू उलट्यासुलट्या झाल्या. गाव शांत आहे म्हणणारा भाऊ आईनं एकटीनं राहायला विरोध करू लागला, आणि मी तिच्या बाजूनं बोलायला लागले.

आमच्याकडे घर गावठाणात नसतं, शेतात असतं. नगर जिल्ह्याचा हा रिवाज आहे. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, आई अजून नगरच म्हणते. पाणी आलं, ऊस आला, तसं प्रत्येक भाऊबंद आपापल्या रानात राहायला गेला. दोन वस्त्यांत कधी दोनशे पावलं असतात, कधी पाव मैल, आणि मध्ये डोक्याएवढा ऊस. वस्तीवरचा दरोडा ही म्हणूनच आमच्याकडची जुनी भीती आहे. भावानं तेच पुढे केलं. त्यानं जिल्ह्याचे गुन्ह्यांचे आकडे काढून पाठवले, शेजारी पुण्याचे ठेवले आणि खाली लिहिलं: दर तसा कमी आहे, पण एकट्या म्हातारीसाठी धोका नकोच.

त्या आकड्यांवर आमचा महिनाभर फोनवर वाद चालला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी देशाचा अहवाल काढतो. ‘भारतातील गुन्हे’ हा अहवाल १९५३ पासून निघतो. त्यात दर लाख लोकसंख्येमागे किती गुन्हे, असा दर असतो. पण तो राज्याचा, जिल्ह्याचा, मोठ्या शहराचा. गाव त्यात कुठंच नसतं. जिल्ह्याच्या आकड्यात आमचं गाव शोधणं म्हणजे साखरेच्या पोत्यात आपल्या वाफ्यातला ऊस शोधणं. शिवाय एकाच घटनेत अनेक गुन्हे झाले, तर मोजताना त्यांतला सर्वांत गंभीर तेवढा एक धरला जातो. खुनाआधी झालेला छळ, कोंडून ठेवणं, धमक्या, हे सगळं त्या एका खुनाच्या पोटात जिरतं. आणि अदखलपात्र नोंदी त्या तक्त्यात नसतातच.

अहवाल स्वतःच बजावतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केरळचा दर वर्षानुवर्षं देशात वरच्या क्रमांकात असतो; म्हणून केरळात राहणं सर्वांत धोक्याचं, असं कुणी शहाणा म्हणणार नाही. तिथं माणसं ठाण्यात जातात आणि ठाण्यातले लिहून घेतात. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की गुन्हा नोंदवलाच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात पुन्हा ठणकावून सांगावं लागलं, यातच काय ते आलं. दुसऱ्या बाजूनं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी घरोघरी जाऊन बायकांना विचारते. तिच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ मध्ये, लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. आणि ज्यांनी कुणाकडूनही मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसली त्यांच्यापैकी फक्त १४ टक्के जणींनी कुठं मदत मागितली होती. मदत म्हणजे पोलीसच असं नव्हे. आई, बहीण, शेजारीण धरून.

भाऊ म्हणाला, "हे सगळं खरं असेल. पण आईला कुठं नवरा मारणार आहे? तिला धोका बाहेरच्यांचा."

या ‘बाहेरच्यां’वर मी अडले. आमच्या भागात ही भीती कुणाच्या नावानं बोलली जाते ते त्यालाही ठाऊक आहे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी काही जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या विमुक्त झाल्या, म्हणजे कागदावर. पोलिसांच्या आणि गावाच्या मनातली यादी फारशी बदलली नाही. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्याच्या इंग्रजी भाषांतराचं नाव आहे ‘द ब्रँडेड’, डाग दिलेले. भाषांतरकारांमध्ये या नावावर मतभेद होऊ शकतात. ‘उचल्या’ ही गावानं घातलेली शिवी आहे, भुरटा चोर; लेखकानं ती उचलून स्वतःच्या पुस्तकावर लावली. इंग्रजी नाव डाग कुणी दिला इकडे बोट दाखवतं, पण शिवी गाळून टाकतं. मला मूळ जास्त आवडतं. गंमत अशी की जुन्या गावगाड्यात राखणीचं कामही रामोशासारख्या, पुढे याच यादीत गेलेल्या समाजाकडे असायचं. रात्री जागायचं त्यांनी आणि सकाळी संशयही त्यांच्यावरच.

बाहेरच्याच्या भीतीचं काय होतं ते १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला दिसलं. आठवडे बाजाराचा दिवस होता. मोबाइलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. मंगळवेढ्याकडून भिक्षेला आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजातले पाच जण लोकांनी धरले, मारले, आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मरेस्तोवर मारले. राईनपाडा काही बदनाम गाव नव्हतं. जमावातले लोक गाव राखायलाच जमल्याचं समजत असणार. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडी बीडकडे रात्री ड्रोन फिरतात, टेहळणी करून दरोडे घालणार, असं उठलं आणि गावंच्या गावं काठ्या घेऊन जागली. त्या दिवसांत एखादा डवरी गोसावी चुकून तिकडे गेला असता तर, या विचारानं मला झोप आली नव्हती.

भावाला मी हे सांगितलं. तो म्हणाला, तू विषय बदलतेस. थोडा बदलत होते, कारण मूळ विषयाकडे कसं यावं ते सुचत नव्हतं. तो मूळ विषय आमच्याच बांधापलीकडे होता.

मी तिसरीत असताना पलीकडच्या वस्तीवरची सून विहिरीत गेली. गेली, असंच म्हणतात आमच्याकडे. मला तिचं हिरवं लुगडं आठवतं आणि ती मला बोरं द्यायची ते. पोलीस पाटील आले, मग फौजदार आले, पंचनामा झाला. माझे आजोबा एक पंच होते. कागदावर काय लिहिलं गेलं ते मी पाहिलेलं नाही, पण गावभर जे बोललं गेलं त्यातले शब्द मी नंतर शेकडो कागदांत पाहिले: पाणी शेंदताना पाय घसरून. अकस्मात मृत्यू. ‘अकस्मात’ हा ‘दखलपात्र’च्या उलट टोकाचा शब्द आहे. ज्याला कारण नाही, कर्ता नाही असा. अशी नोंद झाली की तिचा गुन्ह्यांच्या तक्त्याशी संबंध संपला. आमचं गाव त्याही वर्षी शांतच राहिलं.

मागच्या वर्षी, वाद रंगात आलेला असताना, आई बडोद्यात माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होती आणि मला म्हणाली, "तो मला दरोड्याचं भ्या दावतो. बाई, त्या रातीला मी समदं ऐकलं व्हतं." मग तिनं सांगितलं. रात्री बराच वेळ मारल्याचे आवाज येत होते. ती तेव्हा तिशीची, स्वतः सून. तिनं बाबांना उठवलं, बाबांनी आजोबांना. आजोबा अंगणात येऊन उभे राहिले, ऐकलं, आणि म्हणाले, आपल्याला त्यात पडायचं नाही. सकाळी ते पंच झाले.

आजोबा भित्रे नव्हते. दुष्काळात त्यांनी गावासाठी मामलेदाराशी भांडण घेतलं होतं. पण वस्तीवरच्या माणसाचं गणित वेगळं असतं, आणि शहरातून ‘लोक बोलत का नाहीत’ असं विचारणाऱ्यांना ते माहीत नसतं. आमच्या घराकडे यायचा गाडीरस्ता पलीकडच्यांच्या रानातून होता. कालव्याच्या पाण्याची पाळी त्यांच्यानंतर आमची. ऊस तुटला की बैलगाड्या त्यांच्या बांधावरून निघायच्या. शेजाऱ्याविरुद्ध जबाब दिला की दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर काट्या पडतात. मग १९०६ च्या मामलेदार कायद्याखाली वहिवाटीचा दावा लावा, तहसीलला खेटे घाला, तोवर ऊस वाळतो. शपथेवर खरं बोलायची किंमत कोर्टात कुणी विचारत नाही, ती बांधावर मोजावी लागते. आमच्याच जिल्ह्यात खर्ड्याला एप्रिल २०१४ मध्ये एका सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. प्रेमाच्या संशयावरून, भर दिवसा. नोव्हेंबर २०१७ मध्ये सगळे आरोपी सुटले, कारण साक्षीदार फितूर झाले. मराठीत फितूर म्हणजे शत्रूला जाऊन मिळालेला; किल्ल्याचा दरवाजा आतून उघडणारा. हिंदीत मात्र फितूर म्हणजे डोक्यात शिरलेलं खूळ, म्हणून तिकडे नेताना ‘गवाह मुकर गए’ असं करावं लागतं, गुजरातीत ‘साक्षी फरी गया’. नुसते फिरले. मराठी शब्दाला निदान हे माहीत आहे की यात एक बाजू होती आणि ती सोडली गेली.

१५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावानं समिती नेमायची, तंटे गावातच मिटवायचे, सरकार लोकसंख्येच्या मानानं रोख पुरस्कार देणार. तिच्यावर सरसकट टीका करणं मला जमत नाही. बांधाच्या वितीसाठी दहा-दहा वर्षं कोर्टात सडलेले भाऊ त्या समित्यांसमोर एका बैठकीत मोकळे झालेले मी पाहिले आहेत. पण ‘तंटा मिटवला’ हे हिंदीत नेताना हात थांबतो. मिटवणं म्हणजे समेट. मिटवणं म्हणजे पुसून टाकणंही. हिंदी वाचणाऱ्याच्या कानाला दुसराच अर्थ आधी ऐकू येतो. आणि कमानीवर ‘तंटामुक्त’ अशी पाटी लागल्यावर मार खाल्लेली बाई ठाण्याकडे निघाली, की ती एकटी नवऱ्याच्या विरुद्ध नसते, गावाच्या बक्षिसाच्या विरुद्ध असते. तिला वाटेतून परत आणायला समितीतली जी माणसं जातात, ती बहुधा चांगली माणसंच असतात. आजोबा असते तर त्यांना नक्की समितीत घेतलं असतं.

मी आईला विचारलं, इतकं माहीत असून तुला तिथंच का जायचंय? माझी अपेक्षा होती की ती माती, विहीर, बाबांची आठवण असं काही म्हणेल. ती म्हणाली, "आता मला कुनाचं काय ऱ्हायलंय? सासरा न्हाई, नवरा न्हाई. रस्ताबी आता सरकारी झालाय, कुनाच्या रानातनं जायला लागत न्हाई." बोलताना तिनं मेथीची काडी मोडली.

हे उत्तर मी भावाला जसंच्या तसं सांगितलं. त्यावर त्यानं पहिल्यांदा आकडे काढले नाहीत. नंतर त्यानं जे केलं ते त्याच्या स्वभावाला धरून होतं: अंगणात सौरदिवा, खिडक्यांना गज, आणि आईचा नंबर ग्रामसुरक्षा यंत्रणेत. ही चांगली सोय आहे. एकानं फोन केला की गावातल्या सगळ्यांचे फोन एकदम वाजतात आणि त्याचाच आवाज सगळ्यांना ऐकू येतो. बिबट्या, आग, चोर, अपघात. आमच्याकडे तो जास्त करून बिबट्यासाठी वाजतो. उसात बिबट्याची पिल्लं सापडणं आता नेहमीचं झालंय, आणि शेतीला वीज रात्रीची असेल तर मोटर चालू करायला माणसाला अंधारात जावंच लागतं. आईला विचाराल तर गावातला सगळ्यात मोठा धोका तोच. घरातल्या मारहाणीसाठी त्या यंत्रणेवर कुणी फोन केल्याचं ती सांगत नाही. करायला हरकत काहीच नाही; पण एका बाईच्या घरातला आवाज सातशे फोनांवर वाजवायचा, हे तिला पटत नाही, आणि यात मला तिचं चूक वाटत नाही.

गेल्या दिवाळीनंतर ती गेली. आता ओढ्याच्या बाजूला एक नवी वस्ती झाली आहे. तिथलं जोडपं तरुण आहे, मुलगा दोन वर्षांचा. मध्ये ऊस आहे, तरी थंडीत आवाज लांबून येतो. फोनवर एकदा आई सांगत होती की दूध आटवलं, विरजणाला काही नव्हतं म्हणून ओढ्याकडच्यांकडे जाऊन आले. मी विचारलं, किती वाजता? तर म्हणाली, साडेनऊ-दहा झाले असतील. रात्री दहाला, काठी आणि बॅटरी घेऊन, बिबट्याच्या उसातून, विरजणाला?

"मग? दूध नासू द्यायचं व्हय?"

पुढच्या आठवड्यात परत विरजण संपलं होतं. तिसऱ्यांदा मी काही विचारलं नाही, तिनंच सांगितलं. आवाज चढला की ती वाटी घेऊन निघते. दारात उभी राहून हाक मारते, सुनेच्याच नावानं. आवाज थांबतो; म्हाताऱ्या माणसासमोर तो हात खाली घेतो, पाणी दे म्हणतो, बसा म्हणतो. ती बसते. पोराला मांडीवर घेते, उसाचा भाव, कारखान्याची तोड, काय वाट्टेल ते बोलते. अर्धा-पाऊण तास. सून वाटी भरून आणते. परत निघताना ती त्याला म्हणते, मला बांधापर्यंत सोडायला चल, आणि त्याला बरोबर घेऊन निघते.

मी तिला त्या मुलीच्या हाताशी ठेवायला महिला मदतवाहिनीचा नंबर दिला, १८१. तिनं तो कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला आणि मुलीलाही लिहून दिला. कायद्याचं काय करता येईल तेही आम्ही दोघी बोललो. ती मुलगी अजून नको म्हणते आहे, आणि आई म्हणते तिला घाई करू नकोस, पण मी हाय. बाकी तिची तक्रार एकच. आठवड्यातून दोन-दोनदा विरजण आणायचं म्हणजे दही लावावं लागतं, आणि एकटीला इतकं दही संपत नाही. कढी खाऊन खाऊन तिला कंटाळा आलाय.